वाटेएवढं यंत्र

गोव्यातल्या कुळागरातली, म्हणजे उतारावरच्या पोफळी-माडांच्या बागेतली, वाट माणसाच्या मापाने पडलेली असते. डोक्यावर नारळांची पाटी घेतलेलं माणूस गडग्याला (बिनचुन्याच्या दगडी भिंतीला) कोपर न घासता जाईल एवढी तिची रुंदी. कुठे हातभर जास्त, कुठे कमी. एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या बाजूला पाट किंवा खालच्या टप्प्यावरच्या पोफळींची शेंडं. मध्येच एखादा जुना फणस उभा असतो आणि वाट त्याला वळसा घालून पुढे जाते. फोंडा तालुक्यातलं सावईवेरें असो, सत्तरीतली व्हाळाकाठची, म्हणजे ओढ्याकाठची, आगरं असोत की काणकोणातल्या खोतीगावाकडचा उतार, वाटेचं हे माप सगळीकडे तेच. बदललं ते एवढंच, की डोक्यावर ओझं घेणारी माणसं आता मिळत नाहीत. पडलेला माड आहे तिथेच कुजतो. वाळलेला अकेशिया तोडून ठेवला तरी तो खाली रस्त्यापर्यंत आणायचा कसा, हा प्रश्न राहतोच.

मग यंत्राचा विचार सुरू होतो. पण बहुतेक ठिकाणी पहिलं यंत्र येतं ते दुसऱ्या यंत्रासाठी रस्ता करायला. जेसीबी येतो, वाट मीटरभराची तीन मीटर करतो, वरच्या अंगाला डोंगर उभा कापतो आणि निघालेली माती खालच्या अंगाला लोटून देतो. आपल्या डोंगराची रचना अशी, की वर जांभ्याचा कडक थर असतो आणि त्याच्या पोटात मऊ, चिकण माती. वरचं कवच कापलं की आतली माती उघडी पडते. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पहिल्याच आषाढात ती माती पाटात उतरते, पाट तुंबतो, पाणी गडग्याच्या मागे साचतं आणि गडगा पोट काढून खाली येतो. डोंगर कापायला नगर नियोजन कायद्याच्या १७अ कलमाखाली परवानगी लागते. कायदा १९७४चा आहे. पण परवानगी मिळो न मिळो, एकदा कापलेला उतार पुन्हा जोडता येत नाही.

म्हणून मला आल्प्सच्या डोंगरात वापरल्या जाणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरांचं अप्रूप वाटतं. उत्तर इटलीतल्या त्रेंतिनोसारख्या भागात द्राक्षं आणि सफरचंदं उतारावरच्या दगडी टप्प्यांवर होतात. तिथेही वाट अरुंद, तिथेही गडगे जुने. तिथल्या कारागिरांनी वाटेला हात लावला नाही, यंत्र वाटेच्या मापाचं केलं. पादुआजवळच्या कांपोदार्सेगोची अंतोनिओ कार्रारो, मिलानजवळच्या आब्बियातेग्रास्सोची बीसीएस ही या कामातली जुनी नावं. चारही चाकं एकाच मापाची आणि चारही ओढणारी. उंची कमी. लहान मॉडेलांची रुंदी मीटरभराच्या थोडी वर, वजन एक ते दीड टन.

चार सारखी चाकं लगेच डोळ्यांत भरतात, पण खरी गोष्ट इंजिनाच्या जागेत आहे. इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे टांगलेलं असतं, त्यामुळे रिकाम्या ट्रॅक्टरचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर येतं आणि ४० टक्के मागच्या. मागे विंच (वायर गुंडाळून ओझं ओढणारं अवजार) किंवा रान कापायचा कटर उचलला की हिशेब निम्मा-निम्मा होतो आणि चारही चाकं सारखी माती धरतात. नेहमीच्या शेती ट्रॅक्टरचं याच्या उलट असतं. त्याचं वजन मुळात मागे. त्यात मागे जड अवजार घेऊन चढाला लागलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकेनासं होतं आणि नाक उचलायला लागतं.

आपल्याकडे ही इटालियन यंत्रं सहज मिळत नाहीत. गोव्यातल्या आगरात दिसतात ते १८ ते २८ हॉर्सपॉवरचे देशी किंवा जपानी बनावटीचे छोटे ट्रॅक्टर. महिंद्रा जिवो २४५ किंवा कुबोटा बी २४४१ हे दोन्ही २४ हॉर्सपॉवरचे आणि फोर-व्हील ड्राइव्हचे. त्यांची मागची चाकं मोठी, पुढची लहान, वजन मागे झुकलेलं. तरीही आल्प्समधला विचार त्यांना बऱ्याच अंशी लावता येतो. पुढे बंपरवर वजनाच्या पट्ट्या टांगायच्या. चाकाची डिश, म्हणजे मधली तबकडी, उलटी बसवता येत असेल तर ती उलटवून दोन चाकांतलं अंतर वाढवायचं. अवजार शक्य तेवढं जवळ आणि खाली ठेवायचं. टायरमध्ये पाणी भरायचं तर पाऊण भरायचं, पूर्ण नाही. वर हवेची उशी राहिली नाही तर टायर दगडावर लवत नाही. हवेचा दाब १५ ते १७ पीएसआय ठीक. मऊ मातीसाठी अजून कमी करावासा वाटतो, पण जांभ्याच्या धारदार कडेवर ढिला टायर बाजूने कापला जातो. बाजूला पडलेल्या कापाला पंक्चरवाल्याकडे इलाज नसतो.

अवजार ट्रॅक्टरच्या मागच्या तीन-पॉइंट लिंकवर, म्हणजे खालच्या दोन आणि वरच्या एका दांड्यावर, पिनांनी बसतं. ते विकत घेताना पिनांचं माप तपासायला विसरू नये. छोट्या ट्रॅक्टरच्या मापाला कॅटेगरी एक म्हणतात, त्यात खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या, वरच्या लिंकची १९ची. दुसऱ्या मापाचं अवजार वॉशर आणि बुश घालून बसवलेलं दिसतं, ते उतारावर आडवं झोके खातं.

आता उताराकडे येऊ, कारण सगळं तिथेच ठरतं. उतार डोळ्याने मोजू नये. खालून वर पाहताना तो कमी वाटतो, वरून खाली पाहताना जास्त. एक मीटर लांबीची फळी घ्यावी, तिच्यावर गवंड्याची लेव्हल ठेवावी, एक टोक जमिनीला टेकवून फळी सपाट धरावी आणि दुसऱ्या टोकाखालचं अंतर टेपने मोजावं. १८ सेंटिमीटर भरलं तर उतार १० अंशांचा, २७ भरलं तर १५चा, ३६ भरलं तर २०चा, ४७ भरलं तर २५चा. हे चार आकडे फळीवरच रंगाने लिहून ठेवले की पुन्हा पाठ करावे लागत नाहीत.

कागदावर छोटा ट्रॅक्टर फार सुरक्षित दिसतो. समजा दोन चाकांमधलं अंतर एक मीटर आणि यंत्राचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर वर. तो आडवा कलंडायला जवळजवळ ४० अंश लागतात. चाकांतलं अंतर २० सेंटिमीटरने वाढवलं तर ४५. आता तोच ट्रॅक्टर १५ अंशांच्या काजूच्या उतारावरून आडवा चालू द्या. वरच्या अंगाच्या चाकाखाली २० सेंटिमीटरचा जांभा आला की ११ अंश वाढले. त्याच क्षणी खालच्या अंगाचं चाक साळिंदराच्या बिळात किंवा कुजलेल्या बुंध्याच्या पोकळीत १० सेंटिमीटर बसलं की आणखी सहा. झाले ३२. उरलेल्या आठ अंशांत यंत्राचा वेग, चालकाचं वजन आणि मागे झोके खाणारं अवजार हे सगळं मावायला हवं. म्हणून आडव्या चालीला १५ अंश ही माझ्या मते शेवटची मर्यादा, आणि तीही आधी पायी चालून बघितलेल्या जमिनीवर. पानांखाली काय आहे ते काठीने टोचून बघावं. काजूखाली मार्चमध्ये इतका पाचोळा असतो की वारूळसुद्धा सपाट जमीन वाटतं.

त्याहून जास्त चढ असेल तर सरळ वर आणि सरळ खाली, आडवं नाही. वळायचं ते सपाटीवर. इटालियन यंत्रांपैकी काहींना मधोमध सांधा असतो, त्यांच्या बाबतीत हे जास्तच कडक पाळावं लागतं. अशा ट्रॅक्टरला पुढची चाकं वळत नाहीत, अख्खं अंगच कमरेत वाकतं. त्यामुळे तो फार कमी जागेत फिरतो आणि मागची चाकं पुढच्यांच्याच मागावर येतात, म्हणजे पोफळीच्या बुंध्याला मागचं चाक घासत नाही. पण पूर्ण वाकलेल्या अवस्थेत त्याच्या पायाचा आधार अरुंद होतो. सपाटीवर हे कळतही नाही. उतारावर तेच वळण त्याला आडवं पाडतं.

मागून उलटण्याचा धोका याहून वेगळा आणि फार जलद. ओढायचा साखळदंड वरच्या लिंकच्या खोबणीला किंवा सीटखालच्या चौकटीला बांधलेला असतो. ओंडका बुंध्यात अडकतो, चाकं धरतात, ट्रॅक्टरला पुढे जाता येत नाही म्हणून तो मागच्या आसाभोवती उभा राहतो. दीड सेकंदाच्या आत चालक त्याच्याखाली असतो. क्लच दाबायचं सुचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. ओढ नेहमी मागच्या आसाच्या पातळीच्या खाली, ड्रॉबारलाच (ओढण्यासाठीच दिलेल्या खालच्या दांड्याला) जोडायची. ही एक गोष्ट पाळली तर हा अपघात बहुतेक टळतो. सीटमागची, यंत्र उलटलं तर चालकाला वाचवणारी कमान उभी असेल तेव्हा पट्टा बांधायलाच हवा. आंब्याच्या फांद्यांखालून जाताना कमान आडवी केली असेल तर पट्टा बांधायचा नाही, कारण तेव्हा तो माणसाला पडणाऱ्या यंत्राशी जखडून ठेवतो. फांद्या संपल्या की उतरून कमान पुन्हा उभी करायची आणि पिन घालायची. ती आडवीच ठेवून दिवस काढणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

लाकूड ओढायच्या कामात छोट्या ट्रॅक्टरकडून लोकांची चुकीची अपेक्षा असते. ट्रॅक्टर ओंडक्यापर्यंत जाईल आणि त्याला ओढत आणेल, असं चित्र डोक्यात असतं. थोडा हिशेब करून बघू. १४०० किलोंचा ट्रॅक्टर, चारही चाकं ओढणारी. कोरड्या, घट्ट मुरमावर तो स्वतःच्या वजनाच्या साठ टक्क्यांपर्यंत ओढू शकतो, ओल्या चिकण मातीवर तीसच्या पुढे जात नाही. १५ अंशांचा चढ चढताना स्वतःला वर नेण्यातच त्याची ३६० किलोंची ओढ खर्च होते. कोरडी जमीन असेल तर साडेचारशे किलोंच्या आसपास शिल्लक राहते. ओली असेल तर चाळीस! म्हणजे ओल्या चढावर हे यंत्र कसंबसं स्वतःला वर नेतं, मागे केळीचा खांबसुद्धा बांधू नये. इथे इंजिनाची ताकद कामाची नाही. ५० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं तरी चाकं तेवढीच जोरात जागेवर फिरतील आणि खड्डा खणतील.

म्हणून ट्रॅक्टर सपाटीवर उभा राहतो आणि वायर उतारावर जाते. विंच हेच या कामाचं खरं अवजार. तीन-पॉइंट लिंकवर बसणारी, पीटीओवर (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारी, तीन टन ओढीची विंच २०-२५ हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरला पुरे, खरं तर तीच वरची मर्यादा. विंच ट्रॅक्टरच्या वजनाच्या दुपटीहून जास्त ओढते हे लक्षात ठेवायला हवं. ओंडका अडकला तर ओंडका येणार नाही, ट्रॅक्टर ओंडक्याकडे जाईल. ते होऊ नये म्हणून विंचला खाली लोखंडी पातं असतं. ट्रॅक्टरची पाठ बरोबर ओंडक्याच्या दिशेने करायची, पातं मातीत दाबायचं, हँडब्रेक ओढायचा, चाकांना दगडाची किंवा लाकडाची पाचर लावायची, आणि मगच वायर सोडायची. वायर पाठीच्या सरळ रेषेतून थोडीफार तिरकी चालते. फार तिरकी झाली की तीच विंच ट्रॅक्टरला आडवं ओढायला लागते.

ओंडक्याचं वजन आधी काढावं. ४० सेंटिमीटर व्यासाचा, चार मीटर लांबीचा ओंडका म्हणजे अर्धा घनमीटर. ताजं तोडलेलं लाकूड पाण्याएवढं जड धरायचं, माट्टी किंवा किंदळ असेल तर त्याहूनही जास्त. म्हणजे ५०० किलो तर नक्कीच. २० अंशांच्या उतारावरून तो वर ओढायला साडेचारशे किलोंच्या आसपास ओढ लागते. तीन टनांच्या विंचला हे काहीच नाही, असं वाटतं. पण त्याचं टोक एखाद्या बुंध्यामागे गेलं की ओढ एका क्षणात विंचच्या शेवटच्या टोकाला पोचते. वायर तुटते ती अशाच वेळी.

ओंडक्याला साखळी घालायची ती टोकापासून अर्ध्या मीटरच्या आत, जाड बुडखा पुढे ठेवून. त्याआधी त्या बुडख्याच्या कडा चेनसॉने चारी बाजूंनी तिरक्या छाटून घ्यायच्या. दोन मिनिटांचं काम आहे, पण सरळ कापलेलं टोक नांगरासारखं जमिनीत घुसतं आणि गोलसर टोक वरून घसरत येतं. जमिनीवर राहणारा ओरखडाही निम्मा होतो. प्लास्टिकचा शंकू मिळतो, तो टोकावर चढवला तर अजून चांगलं. ओढताना एका दमात ओढायचं नाही. दोन-तीन मीटर ओढ, थांब, बघ. अडकलं की वायर ढिली सोडायची, पहारीने ओंडका फिरवायचा आणि पुन्हा ओढायचं. ताणलेल्या वायरीजवळ जाऊन ओंडका पायाने ढकलणारे लोक आहेत, आणि त्यांचे पाय गेलेले आहेत. ड्रमवर शेवटचे तीन-चार वेढे कायम शिल्लक ठेवायचे. वायरीचं टोक पकडणारी क्लिप एकटी भार घेत नाही, ते वेढे घेतात.

दिशा बदलायची असेल तर कप्पी लागते, आणि कप्पीचा हिशेब फसवा आहे. वायर काटकोनात वळवली की कप्पी बांधलेल्या झाडावर ओढीच्या १.४ पट भार येतो. वायर उलट मागे फिरवली तर दुप्पट. विंच दोन टनांनी ओढत असेल तर काटकोनातल्या झाडावर २.८ टन. म्हणून कप्पी बांधायची ती जिवंत, जाड आंब्याला किंवा फणसाला, जमिनीलगत, आणि वायरीने नाही तर रुंद कापडी पट्ट्याने, म्हणजे साल कापली जात नाही. पोफळीला कधीच नाही. माडालाही नाही, त्याची मुळं सुतळीसारखी बारीक, जमिनीत पसरलेली असतात. वायरीने जो कोन केलेला असतो त्याच्या आतल्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. कप्पी सुटली तर वायर त्याच कोनातून सरळ होते आणि वाटेत येईल ते कापते.

आपल्या हवेत वायरीचं आयुष्य कमीच. समुद्र जवळ, पावसात हवा ओली, त्यामुळे गंज आतल्या धाग्यांपासून धरतो आणि बाहेरून वायर चांगली दिसते. दर महिन्याला पूर्ण वायर सोडून जाड हातमोज्यातून किंवा फडक्यातून ओढून बघावी. फडकं जिथे अडकेल तिथे तुटलेला धागा. एकाच जागी असे काटे जमले असतील, वायर चपटी झाली असेल किंवा मूळ व्यासाच्या दहाव्या भागाने बारीक झाली असेल तर ती उतरवायची. गाठ मारून पुढे ढकलायची नाही.

झाड तोडायच्या आधीचं एक काम इथेच सांगतो. खाजगी जमिनीतलं झाड असलं तरी १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते. ती हातात असल्याशिवाय चेनसॉ बाहेर काढू नये.

खुद्द कुळागरात मात्र ट्रॅक्टर नेण्याविषयी माझं मत कडक आहे. पोफळीची शिफारस केलेली लागवड २.७ मीटरच्या चौकोनात असते. दोन ओळींच्या बरोबर मधून १.१ मीटर रुंदीचा ट्रॅक्टर गेला तर चाकाची बाहेरची कड बुंध्यापासून ८० सेंटिमीटरवर येते. पोफळीची खाणारी मुळं बहुतेक बुंध्यापासून मीटरभराच्या आत आणि वरच्या थरात असतात. म्हणजे चाक मुळांवरूनच चालतं. कुळागराची माती बारा महिने ओली, कारण पाट तिथूनच जातो. ओल्या मातीवर एकदा उठलेली चाकोरी वरून भरून काढता येते, पण खालची दबलेली माती मोकळी व्हायला वर्षं लागतात आणि त्या ओळीतल्या पोफळी पिवळ्या पडतात. तेव्हा यंत्राने वाटेवर राहावं, वायर, नळी किंवा माणूस आत जावा. माती तपासायची साधी रीत आहे. मूठभर माती वीतभर खालून काढून दाबायची. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर चाक चालेल. गोळ्यावर बोटाचा ठसा उमटून राहिला तर त्या दिवशी नाही.

वाटेवर चालतानाही गडग्याच्या कडेपासून चाक लांब ठेवायचं. किती लांब? गडगा जेवढा उंच, निदान तेवढं. दीड मीटरच्या गडग्याच्या कडेला अर्ध्या मीटरवरून दीड टनाचं यंत्र गेलं तर त्याचा दाब सरळ चिऱ्यांच्या पाठीवर जातो. बिनचुन्याचा गडगा माणसाच्या भाराला शंभर वर्षं टिकतो. यंत्राच्या भारासाठी तो रचलेलाच नव्हता. वाट एवढी रुंद नसेल तर वरच्या डोंगराला चिकटून चालायचं, आणि तेही जमत नसेल तर तिथे ट्रॅक्टर थांबतो, पुढे पुन्हा डोकं आणि पाटी.

मधोमध सांधा असलेलं यंत्र असेल तर त्या सांध्याची निगा हा त्याचा जीव आहे. सांध्याला दर दहा तासांच्या कामानंतर ग्रीस द्यायचं, बाहेरून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत. आपली तांबडी माती बारीक आणि खरखरीत असते. ती जुन्या ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरासारखी बुश खाते. पिनेत खेळ आला आहे की नाही हे कळायला इंजिन बंद करून पहारीने सांधा उचलून बघावा. खटका ऐकू आला तर बुश बदलायची वेळ झाली. तशीच चालवली तर पिनेचं भोक लांबोळकं होतं आणि मग लेथवर न्यावं लागतं. सांध्यातून जाणारे हायड्रॉलिक पाइप यंत्र डावीकडे पूर्ण वाकवून आणि उजवीकडे पूर्ण वाकवून, दोन्ही वेळा बघायचे. सरळ उभ्या यंत्रात घासलेली जागा लपलेली असते. गळती शोधायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठा फिरवायचा. त्या दाबाने सुटलेलं तेल कातडीतून आत जातं आणि बोट कापायची पाळी येते. सांध्यात काम करताना तो जखडणारा दांडा लावल्याशिवाय मध्ये उभं राहू नये. चालू इंजिनाचं स्टिअरिंग कुणाच्या कोपराच्या धक्क्याने फिरलं तरी दोन धडं मधल्या माणसावर मिटतात.

पीटीओच्या शाफ्टच्या दोन्ही क्रॉसना आठ-दहा तासांनी ग्रीस. शाफ्ट सर्वात लांब झालेला असताना आतली नळी बाहेरच्या नळीत निदान एक तृतीयांश राहायला हवी. कटरचा शिअर बोल्ट, म्हणजे जास्त भार आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट, तुटला म्हणून जाड, कडक बोल्ट घालणं म्हणजे पुढच्या वेळी गिअरबॉक्स फुटायची सोय. ट्रॅक्टरबरोबर त्याच ग्रेडचे पाच-सहा बोल्ट डब्यात ठेवायचे.

रान कापायचा फ्लेल कटर, म्हणजे फिरत्या रोटरवर हातोडे बसवलेला कटर, काजूच्या बागेत फार कामाचा. काजू सात-आठ मीटरवर लावलेला असतो, त्यामुळे सव्वा मीटरचा कटर मधून आरामात फिरतो आणि रानमोडी, घाणेरी जागच्या जागी बारीक करून टाकतो. जमिनीपासून हातोडे आठ-दहा सेंटिमीटर वर ठेवायचे. मागे वर आलेला जांभा दिसत नाही, हातोडा त्याच्यावर बसला की तुटतो, आणि एक तुटला की रोटर थरथरायला लागतो. बदलायचा तर समोरासमोरची जोडी बदलायची, एकटा नवा हातोडा जुन्यांपेक्षा जड असतो. त्या थरथरीत बेअरिंग एका आठवड्यात जातं.

फेब्रुवारी ते मे या काळात रेडिएटरवर डोळा हवा. गवताची बी, काजूच्या पानांचा भुगा, अकेशियाची कडक पानं जाळीवर बसतात आणि तासाभरात पाण्याचं तापमान चढतं. दर दोन तासांनी थांबून जाळी काढून झाडायची. हवा मारायची तर इंजिनाच्या बाजूने बाहेर, उलट मारली तर कचरा पाकळ्यांत घट्ट बसतो. याच पाचोळ्याचा दुसरा धोका आग. अकेशियाचं पान लवकर कुजत नाही, त्याचा थर वितभर होतो, आणि त्याच्यावर चाक ओल्या मातीएवढंच घसरतं. सायलेन्सरच्या वळणात अडकलेलं एक पान पेटून खाली पडलं तरी पुरे. २०२३च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांवर वणवे लागले, तेव्हा किती झपाट्याने उतार पेटतो ते सगळ्या गोव्याने पाहिलं. या महिन्यांत ट्रॅक्टरवर अग्निशामक सिलिंडर आणि ट्रॉलीत पाण्याची टाकी नसेल तर काम सुरूच करू नये. काम संपल्यावर ट्रॅक्टर पाचोळ्यावर उभा करायचा नाही, उघड्या मातीवर करायचा.

ट्रॉलीबद्दल थोडं. घराच्या डागडुजीला चिरे, वाळू, शेणखत नेताना छोटा ट्रॅक्टर वाड्यावरच्या अरुंद गल्लीतही जातो, टिपर जात नाही. एका टनात पस्तीस-चाळीस चिरे बसतात, ओले असतील तर त्याहून कमी. उतारावर ट्रॉलीचं एकूण वजन ट्रॅक्टरच्या वजनापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक हवेतच. उतरायच्या आधी, वर सपाटीवरच, ज्या गिअरमध्ये चढला असता तो गिअर टाकायचा आणि फोर-व्हील जोडायची. ती जोडलेली असली की इंजिनाची ओढ चारही चाकांना थोपवते, सुटी असली तर फक्त मागची दोन थांबतात आणि ट्रॉली त्यांना पुढे ढकलते. मध्यावर गिअर बदलायला क्लच दाबला की यंत्र सुटलं. ट्रॉली कोपऱ्यात मुडपते ती याच वेळी.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात यंत्र उतारावरून खाली आणलं की त्या हंगामात ते परत वर न्यायचं नाही. विंचची वायर पूर्ण उलगडून तेलात भिजवलेल्या फडक्याने पुसून पुन्हा गुंडाळायची. रेडिएटर, सांधा धुऊन ग्रीस भरायचं. आणि मग कुदळ घेऊन वाटेवर जायचं. ओंडके ज्या मार्गाने आले तिथे उथळ चर पडलेले असतात, चाकं जिथून गेली तिथे दोन समांतर रेघा. पहिल्या पावसाचं पाणी त्यांनाच ओहोळ समजून धावतं. त्या रेघांना तिरके छेद द्यायचे, वीतभर खोल, खालच्या अंगाला मातीचा उंचवटा ठेवून, पाणी वाटेवरून काढून गवतात सोडतील असे. १५ अंशांच्या वाटेवर दर दहा-बारा मीटरला एक, चढ कमी तिथे थोडे लांब. पाण्याचं तोंड गडग्याच्या पाठीवर कधीच सोडायचं नाही. ओंडक्यांच्या चरात फांद्या आडव्या टाकून ठेवायच्या. दोन माणसं दोन दिवसांत शंभर-दीडशे मीटर वाट अशी बांधून काढतात. हे काम मृगाच्या आधी व्हायला हवं.